वाट सोडणाऱ्यांची परीकथा

बेल्जियममधील गेंट शहरातल्या 'टेल ऑफ टेल्स' या दोन कलावंतांच्या छोट्या स्टुडिओने 18 मार्च 2009 रोजी प्रसिद्ध केलेल्या 'द पाथ' या व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याला आरंभीच एक आज्ञा मिळते : आजीच्या घरी जायचे आणि वाट सोडायची नाही. ही आज्ञा तंतोतंत पाळून जो खेळाडू आपल्या मुलीला सरळ आजीच्या दारापर्यंत नेतो त्याला थोड्याच वेळात घर गाठता येते, मुलगी सुखरूप आत जाते, आजीजवळ विसावते, आणि लगेच पुढे येणारे निकालपत्रक त्याला अपयशी ठरवते, कारण वाटेत त्याला लांडगा भेटलेला नसतो. दिलेले काम पुरे करणे, त्याबद्दल गुण मिळवणे आणि पुढच्या टप्प्यावर जाणे या साखळीवर ज्या माध्यमाचा जवळजवळ सगळा व्यवहार चालतो, त्याच माध्यमात आज्ञापालनाला नापास करणारा हा खेळ 'लिटल रेड रायडिंग हूड' या युरोपातील अतिपरिचित परीकथेवर उभा आहे. मराठी मुलांना ती कथा लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट म्हणून माहीत असते, पण बहुधा तिच्या सर्वांत सौम्य रूपातच.

या कथेचे सर्वांत जुने प्रसिद्ध छापील रूप शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या 1697 सालच्या संग्रहात आढळते आणि त्यात सुटका नाही; लांडगा आधी आजीला खातो, मग मुलीला अंथरुणात बोलावून तिलाही खातो, आणि कथा तिथेच संपते. त्याखाली पेरोने जोडलेला पद्यमय बोध तरुण मुलींना उद्देशून आहे आणि त्यात गोडबोले, सभ्य दिसणारे लांडगेच सर्वांत धोक्याचे असतात असा इशारा असल्यामुळे लांडगा हा केवळ जनावर नव्हे, हे त्याच्या दरबारी वाचकांना वेगळे सांगावे लागले नसणार. जर्मनीतील ग्रिम बंधूंनी 1812 साली हीच कथा आपल्या संग्रहात घेतली, तेव्हा लांडग्याचे पोट फाडून आजी व नात या दोघींना जिवंत बाहेर काढणारा शिकारी तिच्यात आला. त्याबरोबरच, 'द पाथ'च्या दृष्टीने अधिक महत्त्वाची, आईची ताकीदही आली. पेरोच्या कथेतील आई लेकीला खाऊ देऊन नुसती पाठवते. वाट सोडू नकोस असे बजावते ती ग्रिम बंधूंची आई, आणि लांडगा मुलीला वाटेवरून हटवतो तो रानात फुललेली फुले दाखवून. शेवटी ती मुलगी पुन्हा कधी वाट सोडणार नाही असा मनोमन निश्चय करते आणि जोडकथेत दुसरा लांडगा भेटतो तेव्हा तो निश्चय पाळतेही. एका हिंस्र कथेचे शिस्तीच्या पाठात रूपांतर होण्याची ही प्रक्रिया अमेरिकन अभ्यासक जॅक झाइप्स यांनी 1983 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सविस्तर मांडली आहे.

फ्रान्सच्या ग्रामीण भागातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोंदवल्या गेलेल्या मौखिक रूपांत मात्र वेगळीच मुलगी दिसते. तिच्या डोक्यावर लाल टोपी नाही, तिला कोणी ताकीद दिलेली नाही. लांडगा तिला सुयांची वाट धरणार की टाचण्यांची असे विचारतो, आजीच्या घरी तिला नकळत आजीचेच मांस खाऊ घालतो, अंगावरचा एकेक कपडा चुलीत टाकायला लावतो, आणि एवढे झाल्यावर ती शौचाला जायचे निमित्त काढून बाहेर पडते, पायाला बांधलेली दोरी झाडाला बांधून पळून जाते. शिकारी लागत नाही, तिची हुशारी पुरते. भोपळ्यात बसून लांडग्याला आणि वाघाला चकवत लेकीकडून घरी परतणारी मराठी गोष्टीतली म्हातारी या मुलीची दूरची नातलग शोभावी. रानातली वाट ही दोघींच्याही बाबतीत बोध शिकण्याची नव्हे, तर निभावून नेण्याची जागा आहे. झाइप्स यांनी दाखवलेल्या या इतिहासाकडे पाहिले की 'द पाथ'ने एका निष्पाप बालकथेला काळोखी रूप दिले असे म्हणणे अपुरे वाटते. काळोख कथेत मुळातच होता आणि गेमने त्यावरचे शंभर-दोनशे वर्षांचे रंगकाम खरवडले, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

हा गेम करणारे दोघेही गेमच्या उद्योगातून आलेले नव्हते. अमेरिकेत जन्मलेल्या, शिल्पकलेचे शिक्षण घेतलेल्या ऑरिया हार्वी आणि बेल्जियमचे मिखाएल सामीन यांची ओळख 1999 साली इंटरनेटवर झाली. दोघेही तेव्हा संकेतस्थळ हेच कलाकृतीचे माध्यम मानणाऱ्या, नेट आर्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवाहात काम करत होते. 2002 साली त्यांनी गेंटमध्ये स्टुडिओ काढला आणि जांबातिस्ता बाझिले या नेपल्सच्या लेखकाच्या सतराव्या शतकातील परीकथासंग्रहाचे नाव त्याला दिले. झोपलेल्या राजकन्येच्या कथेवरचा त्यांचा पहिला मोठा गेम पुरा झालाच नाही. 2005 मधील 'द एंडलेस फॉरेस्ट'मध्ये प्रत्येक खेळाडू माणसाचा चेहरा असलेले हरीण होतो, त्याला बोलता किंवा लिहिता येत नाही आणि इतर हरणांशी त्याने केवळ हालचालींनी संवाद साधायचा असतो. 2008 मधील 'द ग्रेव्हयार्ड' याहून धीट होता. त्यात एक म्हातारी काठी टेकत दफनभूमीतून चालते, बाकावर बसते, एक गाणे ऐकते आणि परत फिरते. फुकट मिळणाऱ्या नमुना आवृत्तीत आणि पैसे देऊन घ्यायच्या पूर्ण आवृत्तीत फरक इतकाच की पूर्ण आवृत्तीत ती बाकावर बसल्या बसल्या मरू शकते. विनोद आणि गांभीर्य इतक्या सरळ एका ओळीत बसवणारी दुसरी जाहिरात-युक्ती शोधून सापडणार नाही.

या जोडीने 2006 साली अथेन्समधील एका कला-महोत्सवात जाहीरनामाही मांडला होता. 'रिअलटाइम' तंत्र, म्हणजे चित्र आधी रंगवून किंवा चित्रित करून न ठेवता खेळणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीनुसार संगणकाने त्या त्या क्षणी तयार करण्याची पद्धत, हे तैलरंगांसारखे स्वतंत्र कलामाध्यम आहे, कलावंतांनी ते कंपन्यांच्या हाती सोडू नये आणि त्यात गुण, स्पर्धा, हार-जीत यांची सक्ती मानू नये, असा त्याचा आशय होता. 'द पाथ' हा या जाहीरनाम्याचा सर्वांत पूर्ण प्रयोग मानता येतो.

खेळाची सुरुवात शहरातल्या एका लाल खोलीत होते. तिथे सहा बहिणी असतात : नऊ वर्षांची रॉबिन, अकरा वर्षांची रोझ, तेरा वर्षांची जिंजर, पंधरा वर्षांची रूबी, सतरा वर्षांची कार्मेन आणि एकोणीस वर्षांची स्कार्लेट. सहाही नावे या ना त्या अर्थाने लाल रंगाशी जोडलेली आहेत आणि सहा वये मिळून बालपणाच्या अखेरीपासून प्रौढत्वाच्या उंबरठ्यापर्यंतचा काळ व्यापतात. खेळणाऱ्याने एकीची निवड केली की शहर मागे पडते आणि ती जंगलातून जाणाऱ्या वाटेच्या टोकाशी एकटी उभी राहते. वाटेवरून पाऊल बाहेर टाकल्यावर जे जंगल लागते त्याला सीमा नाही. एकाच दिशेने चालत राहिले तर माणूस फिरून पूर्वीच्याच जागी येतो, मागे वळून पाहिले तर वाट नाहीशी झालेली असते, आणि आपण आतापर्यंत कुठून कुठे गेलो याचा नकाशा मधूनच क्षणभर चमकून विझतो. पांढऱ्या कपड्यांतली एक मुलगी झाडांमधून धावताना दिसते. ती भेटली आणि तिच्या हातात हात दिला तर ती पुन्हा वाटेपर्यंत आणून सोडते. या जंगलातली मदत एवढीच.

इथे या खेळाच्या दोन यांत्रिक युक्त्यांकडे जवळून पाहायला हवे, कारण त्याचे कलामूल्य कथानकापेक्षा त्यांच्यात अधिक आहे. पहिली धावण्याची. बहुतेक गेममध्ये धावणे ही सोय असते, आणि जंगलात हरवलेला खेळाडूही सवयीने तेच बटण दाबतो. पण इथे मुलगी धावू लागली की दृश्य दाखवणारा कल्पित कॅमेरा हळूहळू वर चढतो, चित्राच्या कडा काळवंडतात आणि समोरचे काहीच नीट दिसेनासे होते, त्यामुळे घाई करणाऱ्याच्या हाती या जंगलात काही लागत नाही. दुसरी युक्ती त्याहून मूलगामी आहे. इतर खेळांत वस्तू उचलायला किंवा दार उघडायला कळ दाबावी लागते, तर 'द पाथ'मध्ये एखाद्या वस्तूजवळ पोहोचल्यावर खेळणाऱ्याने हात मोकळे सोडायचे असतात. त्याने नियंत्रण सोडले की मग मुलगी स्वतःच्या मर्जीने पुढे होते, वस्तूला हात लावते, बसते किंवा चढते, आणि तिच्या मनातला एखादा विचार मोजक्या शब्दांत पडद्यावर उमटतो. तीच वस्तू वेगवेगळ्या बहिणींना वेगवेगळे सुचवते आणि काही वस्तूंकडे काही बहिणी ढुंकूनही पाहत नाहीत. खेळाडू त्यांना इथवर आणू शकतो. त्या पुढे काय करतील हे ठरवण्याची सत्ता त्याच्याकडे नाही, आणि लांडग्याची भेटही याच नियमाने घडते. ती कळ दाबून घडवायची नसते, थांबून घडू द्यायची असते.

प्रत्येकीचा लांडगा निराळा आहे. रॉबिनला दफनभूमीत खराखुरा केसाळ, दोन पायांवर चालणारा लांडगा भेटतो. रोझला तळ्यावर तरंगणारी धुक्याची मानवी आकृती. फुलांच्या शेतात जिंजरला तिच्याच वयाची लाल कपड्यांतली एक मुलगी. स्कार्लेटला जंगलातल्या पडक्या रंगमंचावर पियानोशी बसलेला वादक. कार्मेनला तंबू ठोकून राहिलेला लाकूडतोड्या, म्हणजे ग्रिम बंधूंच्या कथेतल्या तारणहाराचाच जवळपास सख्खा भाऊ. एका पायाला वैद्यकीय पट्ट्यांचा आधार लावलेली, जगाकडे तुच्छतेने पाहणारी रूबी जंगलातल्या ओसाड क्रीडांगणावर एका तरुणाशेजारी बाकावर बसते आणि तो तिला सिगारेट देतो. पेरोच्या बोधातला गोडबोल्या लांडगा तीनशे वर्षांनी पुन्हा हजर झालेला दिसतो, फक्त आता त्याला बोलावेही लागत नाही. यानंतर पडदा काळा होतो. काय घडले ते खेळ कधीच दाखवत नाही. पुन्हा चित्र उमटते तेव्हा पाऊस पडत असतो, मुलगी आजीच्या घरासमोर जमिनीवर पडलेली असते, आणि खेळणाऱ्याने तिला तिथून अतिशय सावकाश, पाय ओढत घरात न्यायचे असते. घरातला प्रवास तिच्या डोळ्यांनी दिसतो. कुठलीही कळ दाबली तरी एक पाऊल पुढे पडते, वळता येत नाही, मागे जाता येत नाही, खोल्या तिच्या लांडग्याच्या खुणांनी भरून विकृत झालेल्या असतात, आणि शेवटी तुटक, झगमगत्या चित्रांचा मारा होऊन सारे संपते. मग निकालपत्रक येते, या वेळी यशाचे, जमवलेल्या फुलांच्या आणि उघडलेल्या खोल्यांच्या हिशेबासकट. लाल खोलीत परतल्यावर ती बहीण तिथे नसते.

खेळ प्रसिद्ध झाल्यावरचा सर्वांत तीव्र वाद या काळ्या पडद्यावरून झाला. अनेकांनी तिथे बलात्कार वाचला, आणि मग वाट सोडणाऱ्या मुलीला शिक्षा होते ही जुनी शिकवणच नव्या तंत्रात आणली आहे असा आक्षेप घेतला. इतरांनी लांडग्याला वयात येण्याचे, बालपण संपण्याचे किंवा मृत्यूची पहिली ओळख होण्याचे प्रतीक मानले. कर्त्यांनी कोणत्याच अर्थावर शिक्का मारला नाही. रूबी आणि कार्मेन यांच्या बाबतीत पहिले वाचन टाळणे कठीण आहे, हे मान्य केलेच पाहिजे. लाकूडतोड्याच्या तंबूपाशी दिसणारा दारूचा डबा आणि शेकोटी यांमधून येणारी भीती प्रतीकवादाने धुऊन जात नाही. पण रोझचे धुके आणि जिंजरची समवयस्क मैत्रीण त्या अर्थात बसत नाहीत, आणि सहाही जणींना एकच किल्ली लावू पाहणारे स्पष्टीकरण कुठे ना कुठे अडतेच. प्रत्येक लांडगा त्या त्या मुलीच्या ओढीतून घडलेला दिसतो. दफनभूमीला न घाबरणाऱ्या रॉबिनला प्राणी हवा असतो, घरची जबाबदारी वाहणाऱ्या स्कार्लेटला संगीत. आक्षेपाला खरे उत्तर मिळते ते खेळाच्या रचनेत. पुस्तकात मुलगी वाट सोडते आणि वाचक तिला दोष देऊ शकतो. इथे तिला वाटेवरून खाली उतरवणारा हात खेळणाऱ्याचाच असतो, आणि पाय ओढत घरी चालणाऱ्या मुलीनंतर पडद्यावर झळकणारे यशाचे निकालपत्रक त्यालाच मिळालेले असते. हा उपरोध काहींना क्रूर वाटला, आणि तो क्रूर आहेच.

जंगलभर विखुरलेल्या 144 सोनेरी फुलांबाबत मात्र इतक्या खात्रीने बोलता येत नाही. गुण मोजण्याची सक्ती नाकारणाऱ्या कलावंतांनी मोजून गोळा करायच्या वस्तू ठेवाव्यात ही विसंगती उघड आहे. ग्रिम बंधूंची मुलगी फुलांच्याच नादाने वाट चुकते हे लक्षात घेतले तर फुले वेचत भटकणारा खेळाडू नकळत तिच्या जागी जाऊन उभा राहतो, असा बचाव करता येतो आणि तो चतुर आहे. तरीही तासभर फुलांचा आकडा वाढवत राहिलेल्याला जंगल दिसत नाही, आकडाच दिसतो. या खेळातला सर्वांत दुबळा भाग तो हाच. याउलट जार्बो आणि क्रिस फोर्स या दोन अमेरिकन संगीतकार स्त्रियांनी केलेले, अंगाईगीताच्या सुरांपासून कुजबुजीपर्यंत आणि कुजबुजीपासून घुमणाऱ्या गर्जनेपर्यंत सरकणारे, खेळणारा कुठे आहे त्यानुसार थर बदलणारे संगीत हा सर्वांत भक्कम भाग आहे; ज्यांना खेळायचे नाही त्यांनी शेजारी बसून नुसते ऐकले तरी या जंगलाची बरीचशी ओळख होते.

सहाही बहिणी गेल्यावर लाल खोलीत पांढऱ्या कपड्यांतली मुलगी येते, आता तिला घेऊन आजीच्या घरी जाता येते, आणि ती परतल्यानंतर सहाही जणी खोलीत पुन्हा दिसू लागतात. त्या मेल्या नव्हत्या, मोठ्या झाल्या होत्या, की सारा खेळ पहिल्यापासून सुरू होत आहे, हे खेळ सांगत नाही; पण ग्रिम बंधूंना लांडग्याचे पोट फाडून जे साधावे लागले ते इथे शिकाऱ्याविना साधते, एवढे नक्की.

'द पाथ' आला त्या काळात व्हिडिओ गेम ही कला आहे का हा प्रश्न इंग्रजी जगात ऐरणीवर होता. एप्रिल 2010 मध्ये अमेरिकन चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी गेम कधीच कला होऊ शकत नाहीत असे ठामपणे लिहिले आणि त्यांच्यावर वाचकांच्या विरोधाचा पाऊस पडला; 2011 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गेमना पुस्तके आणि चित्रपट यांच्याप्रमाणेच अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण असल्याचा निर्णय दिला; 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने चौदा गेम आपल्या संग्रहात घेतले. त्या चौदांत 'द पाथ' नव्हता. मात्र शत्रू न मारता, कोडी न सोडवता केवळ फिरत आणि पाहत कथा उलगडणाऱ्या ज्या गेमना आधी हेटाळणीने आणि नंतर सरळपणे 'वॉकिंग सिम्युलेटर' म्हटले जाऊ लागले, त्या 'डिअर एस्थर' किंवा 'गॉन होम' यांच्या पिढीची चर्चा त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुरी होत नाही.

त्याच्या कर्त्यांना या बदललेल्या हवेचा फायदा झाला नाही. 1972 सालच्या एका काल्पनिक लॅटिन अमेरिकन देशात, हुकूमशाहीच्या छायेत एका श्रीमंताच्या घरी साफसफाई करणाऱ्या स्त्रीची कथा सांगणारा 'सनसेट' हा गेम त्यांनी लोकवर्गणीची मदत घेऊन आणि अधिक लोकांपर्यंत पोहोचण्याची इच्छा धरून 2015 साली काढला; महिनाभरात त्याच्या साधारण चार हजारच प्रती गेल्या, आणि त्या जूनमध्ये दोघांनी व्यावसायिक गेम बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. हार्वी त्यानंतर त्रिमितीय स्कॅनिंग आणि छपाई वापरून शिल्पे घडवण्याकडे वळल्या, आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेजने 2024 साली भरवलेल्या त्यांच्या कामाच्या सिंहावलोकनी प्रदर्शनात ती शिल्पे जुन्या नेट आर्ट आणि गेम यांच्या सोबतीने मांडली गेली.